मायक्रॉनच्या गाडीतला आवाज

कारखान्यात त्याला सगळे मायक्रॉन म्हणत. मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचाही साठावा-सत्तरावा हिस्सा, आणि हा गडी लेथवर उभा राहिला की तेवढ्या फरकासाठी तयार झालेला नग बाजूला काढून ठेवायचा. फोरमन हात जोडून म्हणायचा, "अरे बाबा, हा पंपाचा दांडा आहे, कुणाच्या बोटातली अंगठी नाही!" त्यावर मायक्रॉन तितक्याच गंभीरपणे म्हणे, "अंगठी सैल झाली तर फार तर हरवेल साहेब. दांडा सैल झाला तर पंप बोंबलेल." आणि पुन्हा माप लावायला वाके. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्याने पाठवलेला एकही नग कधी परत आला नाही.

घरीही तीच तऱ्हा. सासुरवाडीला जेवणाचं टेबल डुगडुगायचं. दुसरा जावई असता तर पायाखाली कागदाची घडी सरकवून मोकळा झाला असता. मायक्रॉन टेबलाखाली आडवा झाला, खिशातून माप काढलं, आणि पुढच्या खेपेला पितळेची एक चकती घेऊन आला. जाडी एक पूर्णांक तीन दशांश मिलिमीटर. टेबल जे गप्प बसलं ते कायमचं. सासरे चारचौघांत सांगत, "आमच्या जावयाला काही बिघडलेलं दिसायचा अवकाश, ते दुरुस्त केल्याशिवाय तो पाणी पिणार नाही."

खरंच होतं ते. फक्त बिघाड त्याला दिसायला हवा. इथे बिघाड होता बायकोच्या कानात, आणि हा शहाणा सहा वर्षं गाडी दुरुस्त करत बसला. यात कुणी दुष्ट नव्हतं. आळशी तर मुळीच नव्हतं. थोडा आळस असता तर कदाचित बरं झालं असतं.

बायको शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात होती. लांबलचक हॉल, पत्र्याचं छप्पर, चाळीस मशिनी, आणि खिडकीजवळच्या मशिनीवर ही बावीस वर्षं. कॉलर लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तोंडही तसंच चालायचं. नवऱ्याला ती 'अहो' म्हणायची, पण त्या 'अहो'चे दहा प्रकार होते, आणि दहावा प्रकार ऐकू आला की मायक्रॉन मुकाट्याने भाजी आणायला बाहेर पडायचा.

गाणी तिला जीव की प्राण. सुराबिराचं तिला फारसं पडलेलं नव्हतं, तिचं वेड शब्दांचं. गाण्यात कोण कुणाला काय म्हणतंय, याकडे तिचं पक्कं लक्ष. त्यांनी मायक्रॉनच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरची जुनी पांढरी गाडी घेतली तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोघं सव्वा तासावर राहणाऱ्या तिच्या थोरल्या बहिणीकडे जात, आणि नेमका त्याच वेळी रेडिओवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागे. मग ही त्या गाण्यांशी भांडायला बसे.

"ऐकलंत? म्हणतो तुझ्यासाठी चंद्र आणीन. आधी सिलिंडर आणून दे म्हणावं!"

"अगं, प्रियकर आहे तो. त्याच्याकडे गॅसचं पुस्तक कुठून असणार?"

"मग चंद्र ठेवणार कुठे? भाड्याच्या खोलीत?"

अशी ती दोघं हसत-हसत जात. एक गाणं होतं, त्यातली बाई विझत चाललेल्या दिव्याला रागे भरते. ते लागलं की ही गप्प होई आणि संपल्यावर म्हणे, "दिव्यावर नाही हो रागावलेली ती." बस, एवढंच. मायक्रॉनला गाण्यातलं काही कळत नसे. पण तो सव्वा तास त्याला आठवड्याच्या बाकी सगळ्या तासांपेक्षा प्यारा होता. त्या गाडीत त्याची एकच दौलत होती, तिचं ते मध्ये-मध्ये बोलणं.

आणि एका रविवारी ती म्हणाली, "अहो, शब्द कळत नाहीत हो नीट. आवाज येतोय, पण शब्द लोकरीत गुंडाळल्यासारखे येतायत."

मायक्रॉनचे डोळे चमकले. बिघाड!

त्याने कान देऊन ऐकलं आणि खरंच, आवाज वाईट होता. सगळा घोटाळा इथेच झाला. गाडीतला कंपनीचा आवाज चांगला असता तर हा माणूस दुसरीकडे शोधायला गेला असता. पण दाराचं आतलं पॅनेल काढून बघतो तर काय, कागदाचा स्पीकर, कडा दमट होऊन लोंबलेल्या, आणि मागचं चुंबक शर्टाच्या बटणापेक्षा थोडंसं मोठं. तो स्पीकर हातात घेऊन तो स्वयंपाकघरात गेला आणि पुरावा सादर करावा तसा ओट्यावर ठेवला. "हा बघ तुझा लोकरवाला!"

"ओट्यावरून उचला आधी ते," बायको म्हणाली, पण तीही खूश झाली. दोष सापडला की कुणालाही बरं वाटतं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत गाड्यांना गाणी बसवून देणाऱ्याचं दुकान होतं. माणूस चाळिशीच्या आतला, बोलायला मऊ. मायक्रॉन त्याला साउंडवाला म्हणायचा आणि तो मायक्रॉनला काका. साउंडवाल्याने नवे स्पीकर दाखवले: जाडा आवाज दारातून आणि बारीक आवाज वर, काचेच्या कोपऱ्यात बसवायच्या वेगळ्या छोट्या ट्वीटरमधून. "काका, शब्द कळतात ते या छोट्यामुळे. स, श, त, क, सगळी टोकदार अक्षरं इथून येतात."

हे वाक्य त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मायक्रॉनने ते गाडीपुरतंच ऐकलं.

कंपनीच्या स्पीकरचं भोक लांबट आणि नवा स्पीकर गोल. दुकानात प्लॅस्टिकच्या रिंगा मिळत होत्या; मायक्रॉनने एक हातात घेऊन दाबली, वाकली, परत ठेवली. जेवणाच्या सुट्टीत फोरमनच्या परवानगीने त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या दोन रिंगा स्वतः करून घेतल्या. अशा बसल्या की मध्ये वारा शिरायची सोय नाही. रविवारी गाडी निघाली, रेडिओ लागला, आणि बायको सीटवर सरळ होऊन बसली.

"अगंबाई! केवढं लख्ख!"

मायक्रॉनने त्या दिवशी गाडी इतक्या ऐटीत चालवली की मागचे हॉर्न मारून दमले.

खरोखर फरक पडला होता. सात-आठ महिने ती पुन्हा गाण्यांशी भांडली. म्हणजे औषध लागू पडल्यासारखं झालं, आणि दुखणं आत आपल्या चालीने चालू राहिलं. पुढेही प्रत्येक वेळी असंच होत गेलं. तिचा कान एक पायरी उतरे, हा गाडीला एक पायरी चढवी, आणि दोन दिवस दोघांनाही वाटे, जमलं.

दुसऱ्या वर्षी ती परत म्हणाली, "पुन्हा तेच हो. बोलतायत, पण काय ते कळत नाही."

साउंडवाला म्हणाला, "काका, स्पीकर मोठे झाले पण पुढचा टेप अजून कंपनीचाच. त्याच्यात दमच नाही." टेप बदलला. नव्या टेपला निळे आकडे, आवाज वर-खाली करायच्या सतरा पट्ट्या. मायक्रॉनने टोकदार अक्षरांची पट्टी वर चढवली आणि पुन्हा काही महिने शांतता.

त्याच सुमारास लेक माहेरी आली. ती दूरच्या शहरात दवाखान्यात नर्स. चार दिवस राहिली आणि निघायच्या आदल्या दिवशी, आई अंगणात कपडे वाळत घालत असताना, बापाला म्हणाली, "बाबा, आईचे कान दाखवा एकदा. फोनवर मी काय विचारते आणि ती काय सांगते. परवा मागून तीन हाका मारल्या, वळली नाही."

"तुझ्या आईचे कान?" मायक्रॉन खो-खो हसला. "चार घरं पलीकडे कुणी मला नावं ठेवली तरी तिला इथे ऐकू येतं!"

"चेष्टा नाही करत मी."

"अगं, फोनला रेंज नसते तुझ्या. आणि गाडीचं म्हणशील तर ते माझ्या लक्षात आलंय. अ‍ॅम्प्लिफायर बसवतोय."

"बाबा, मी गाडीचं कुठे म्हणाले?"

आई टोपली घेऊन आत आली तेव्हा त्याने तिलाच विचारलं, आपल्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे लेथ चालू असताना पलीकडच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात. "काय गं, लेक म्हणते तुला ऐकू येत नाही!"

"यांचं मला इथे ऐकू येतं आणि रस्त्यावरच्यांनाही ऐकू येतं," ती म्हणाली. "मला बहिरी करायला निघालात का दोघं?"

तिघंही हसली आणि विषय तिथेच मिटला. तो आपल्या मोठ्या आवाजात बोलायचा म्हणून घरात तिचं काही अडत नव्हतं. आणि घरात बहिरं व्हायचंच असेल तर तो मान मायक्रॉनचा, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. लेथशेजारी उभा राहणारा तो. कंपनी त्याला कानात घालायला पिवळे बोळे द्यायची, वर्षातून एकदा काचेच्या खोलीत बसवून कान तपासायची, आणि तो दर वर्षी उत्तम असा शेरा घेऊन घरी यायचा. चाळीस मशिनींच्या त्या हॉलला गोंगाट म्हणावं असं कुणाच्या मनात आलं नाही. ती शिवणकामाला जायची. शिवणकाम म्हणजे बसून करायचं हलकं काम. तिला बोळे कोण देणार?

पुढे कितीतरी वेळा मायक्रॉन मनातल्या मनात त्या टोपलीपाशी येऊन थांबला. त्या वेळी हसला नसता तर. तसंच दोघींना दवाखान्यात धाडलं असतं तर. पण त्या दिवशी तो हसला, आणि लेक गेल्यावर अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आला.

अ‍ॅम्प्लिफायरची कथा म्हणजे रामायणच. बॅटरीपासून जाड तार ओढायची, बॅटरीजवळच फ्यूज घालायचा, पत्र्यातून तार जाते तिथे रबर बसवायचं नाहीतर पत्रा तार कापतो. हे सगळं त्याने देवपूजेसारखं केलं. पण करंटची तार आणि गाण्याची तार दोन्ही एकाच बाजूने ओढल्या. गाडी सुरू केली, आणि स्पीकरमधून डास गुणगुणल्यासारखा आवाज. रेस दिली की डास मोठा होई, सोडली की लहान. मायक्रॉनला तो डास दोन आठवडे झोपू देईना. शेवटी सीटा काढल्या, गालिचा उचलला, एक तार डाव्या अंगाने आणि एक उजव्या अंगाने नेली. डास मेला.

"गेला ना?" त्याने विजयाने विचारलं.

"काय गेलं?" बायको म्हणाली.

"तो बारीक आवाज! दोन आठवडे चालला होता तो!"

"असेल बाई. मला काही जाणवला नव्हता."

त्यावर मायक्रॉन काय म्हणाला असेल? म्हणाला, "तुला यंत्राचा कान नाही." आणि गाडी पुढे घेतली.

चौथ्या वर्षी त्याच्या डोक्याने घेतलं की दोष पत्र्यात आहे. दारं पोकळ, डबा वाजावा तशी वाजतात, बाहेरचा सगळा आवाज आत येतो, मग शब्द कळणार कसे? काळ्या चिकट जाड चादरी आणल्या. चारही दारं, छत, जमीन, सगळीकडे कापून चिकटवल्या आणि लाकडी रूळ फिरवून फिरवून एकेक बुडबुडा काढला. पॅनेलच्या अकरा क्लिपा मोडल्या, त्याही त्याने नायलॉनच्या स्वतः बनवल्या. काम झाल्यावर दार लावलं तर तिजोरी बंद व्हावी तसा आवाज. आत बसलं की बाहेरची दुनिया दुसऱ्या कुणाची तरी वाटायची.

आणि इथे त्याने सगळ्यात मोठी चूक केली, जी त्याला चूक वाटली नाही, अभिमान वाटला. गाडी इतकी शांत झाली म्हणून तो गाडीत हळू बोलायला लागला. जन्मभर ओरडून बोललेला माणूस, तोंड रस्त्याकडे ठेवून, कुजबुजल्यासारखा. शेजारी बसलेल्या माणसाशी कुजबुजता येतं, केवढी श्रीमंती!

त्याच वर्षी तो निवृत्त होणार होता. एका रविवारी अशाच हळू आवाजात त्याने विचारलं, "रिटायर झालो की काय करूया आपण? लेकीकडे जाऊन राहायचं का थोडे दिवस? की तुला दुसरं काही वाटतं?" हे विचारायला त्याने महिनाभर धीर गोळा केला होता. मोकळ्या हातांची त्याला भीती वाटत होती.

ती खिडकीबाहेर बघत होती. "हं," म्हणाली.

तो थांबला. पुढे काही आलं नाही. मायक्रॉनला ते इतकं लागलं की आठवडाभर तो जेवताना भिंतीकडे बघत बसला. तिला कळेना, यांना झालंय काय. विचारलं तर म्हणे, "काही नाही. आमचं कुणाला काय!" ती बिचारी रडली. भांडण कशावरून झालं हे दोघांपैकी एकालाच माहीत होतं, आणि त्यालाही चुकीचं माहीत होतं.

गाण्यांशी भांडणं केव्हाच थांबलं होतं. गाणं लागे, ती गप्प बसे. मायक्रॉनला वाटे, रंगून ऐकतेय. आवाज चांगला झाला की माणूस गप्पच होणार ना! त्या शांततेला शोभेल म्हणून पाचव्या वर्षी त्याने डिकीत वूफर बसवला. आता गाण्यातला ढोल पोटात वाजू लागला. ती म्हणाली, "हे मात्र छान येतं हो, छातीत कळतं." त्याला ती शाबासकी वाटली. खरं तर गाण्यातलं तेवढंच आता तिच्यापर्यंत पोचत होतं.

सहाव्या वर्षी शेवटची पायरी. साउंडवाला म्हणाला, "काका, आता एकच राहिलं. प्रत्येक स्पीकर कानापासून वेगळ्या अंतरावर आहे. जवळचा आधी ऐकू येतो, लांबचा मागाहून. एक डबी येते, ती जवळच्याला थोडं थांबवून धरते, म्हणजे सगळ्यांचा आवाज एकदम पोचतो. पण ते एकाच सीटसाठी जमतं. सगळे आपल्या सीटसाठी करून घेतात, गाडी चालवणाऱ्यासाठी. करूया?"

"माझ्यासाठी नाही," मायक्रॉन म्हणाला. "तिच्या सीटसाठी."

साउंडवाल्याने हातातलं काम थांबवलं. "काका, इतक्या वर्षांत असं सांगणारे तुम्ही पहिलेच."

मायक्रॉन लाजला. खरोखर, त्या क्षणी तो स्वतःला फार चांगला नवरा समजत होता, आणि होताही.

बायकोला घेऊन तो दुकानात आला. साउंडवाल्याने तिच्या सीटवर, तिच्या कानाच्या उंचीवर माइक लावला, लॅपटॉपवर रेषा काढल्या, अर्धा दिवस खपला. सगळं झाल्यावर मायक्रॉन आधी स्वतः तिच्या जागेवर बसला. दिव्यावर रागावणाऱ्या बाईचं गाणं लावलं. त्याच्या अंगावर काटा आला. ती बाई समोर बसून गात होती. श्वास घेतलेला ऐकू येत होता. एकेक अक्षर असं की चिमटीत धरून उचलावं. आणि ज्याला गाण्यातलं काही कळत नसे त्या माणसाला पहिल्यांदा कळलं की ती दिव्यावर रागावलेली नाहीच.

डोळे पुसून तो उतरला. "बस," बायकोला म्हणाला. "बस आता."

ती बसली. गाणं सुरू झालं. दोघं पुरुष दाराशी वाकून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती जरा वेळ ऐकत होती, मग कसनुसं हसली. "छान झालंय."

"शब्द?"

ती हातातली पिशवी सारखी करत राहिली. "कुठलं गाणं आहे हे?"

दुकानात पंखा फिरत होता. मायक्रॉनने लॅपटॉपकडे बघितलं, रेषा सरळ होती. दारांकडे बघितलं, रिंगांकडे, तारांकडे. बघण्यासारखं आणखी काही उरलं नव्हतं.

साउंडवाला हळूच म्हणाला, "मावशी, एक गंमत करू. मी नुसते शिटीसारखे आवाज लावतो. ऐकू आला की बोट वर करा." स्पीकर तपासायचे आवाज होते ते, जाड्यापासून बारीकपर्यंत चढत जाणारे. पहिला, बोट वर. दुसरा, वर. तिसरा, चौथा, वर. पाचव्याला ती थांबली. सहावा वाजत होता, मायक्रॉनच्या कानात सुईसारखा शिरत होता, आणि तिचं बोट मांडीवर होतं. सातवा. आठवा. ती दोघांकडे बघत होती, लावताय का नाही अजून, अशा नजरेने.

साउंडवाल्याने लॅपटॉप मिटला. "काका, गाडी ठीक आहे," एवढंच म्हणाला, आणि त्या दिवशीच्या कामाचं काही घ्यायला तयार होईना.

कानाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायच्या सावकाश. काचेची तशीच खोली. आत या वेळी बायको बसली. बाहेर आल्यावर बाईंनी कागदावर उतरती रेघ दाखवली. नस गेलेली, दोन्ही कानांत, बारीक आवाजाची बाजू जवळजवळ रिकामी. बरीच वर्षं हळूहळू चाललेलं असणार.

"कामाच्या जागी आवाज असतो का यांच्या?"

मायक्रॉन सवयीने म्हणाला, "नाही, तो माझ्या..." आणि थांबला. त्याला तो पत्र्याचा हॉल आठवला. पगाराच्या दिवशी तिला घ्यायला दारापर्यंत जायचा तेव्हा तो स्वतः कानांवर हात ठेवायचा.

"आणि गाडीत मी मोठा... त्यानेही झालं असेल का?" त्याने विचारलं.

"आठवड्यातून दोन-अडीच तासांनी एवढं होत नाही," बाई म्हणाल्या. "यंत्र लावूया. आवाज वाढेल. शब्द मात्र किती कळतील ते सांगता येत नाही. चार-पाच वर्षांपूर्वी लावलं असतं तर शब्द ओळखायची सवय टिकली असती, कदाचित."

नाही म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. नक्की म्हणाल्या असत्या तरी एकदाचं डोकं आपटून घेता आलं असतं. पण बाईंनी म्हटलं कदाचित, आणि त्या शब्दाला कुठलंच माप लागेना.

यंत्रं आली, कानामागे बसली. भांडी कर्कश वाजू लागली, पाखरं परत आली, दाराची बेल आली. शब्द अर्धेमुर्धे. समोर बसून, तोंडाकडे बघू देऊन बोललं तर पुष्कळ कळायचं. बाईंनीच तसं शिकवलं होतं. पाठमोरं बोललं की नुसता गलका. गाण्यांचं तर विचारूच नये. ती म्हणाली, "डबा हलवल्यासारखं वाटतं हो," आणि पुढे गाडीतला रेडिओ लावायचं दोघांनीही सोडून दिलं.

म्हणजे घरात बोलणं जमू लागलं, आणि गाडीत जमेना. गाडी चालवणाऱ्याला तोंड रस्त्याकडे ठेवावं लागतं. पहिले दोन रविवार दोघं सव्वा तास गप्प बसून गेली.

तिसऱ्या रविवारी शहर सुटल्यावर एका बंद टायरच्या दुकानापुढे मायक्रॉनने गाडी बाजूला घेतली, बंद केली, आणि सीटवर आख्खा वळून तिच्याकडे तोंड करून बसला.

"पंक्चर?" तिने विचारलं.

"नाही. मला बोलायचंय." तो सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाला, "सहा वर्षं मी दारं उघडत बसलो. तुला एकदाही नेलं नाही. लेक सांगत होती. मी हसलो."

ती त्याच्या ओठांकडे बघत होती. "परत म्हणा. मधलं सुटलं."

त्याने परत म्हटलं. हे असलं एकदा बोलायलाच माणसाला किती जड जातं, आणि याला दोनदा बोलावं लागलं, तेही तोंड वासून, अक्षर अक्षर सुटं करून. दुसऱ्या वेळी 'हसलो'पाशी त्याचे ओठ थरथरले आणि तेही तिला वाचता आलं नाही.

"ऐका," ती म्हणाली. "मला वर्षभरापूर्वीच कळलं होतं. मशिनीवर बाजूची मला काहीतरी सांगत होती, मी नुसतं तोंड बघत होते. तेव्हाच कळलं, गाडी नाही, मीच."

"मग बोलली का नाहीस? त्यानंतर मी ती डबी..."

"तुम्ही रिटायर झालेले. सकाळी उठून करायचं काय, हेच तुम्हाला समजत नव्हतं. गाडी उघडून बसलात की कसे खुशीत असायचात. शीळ घालायचात, मला दिसायचं. म्हटलं, आता मी सांगितलं तर हे उद्यापासून करतील काय?"

रस्त्याने एक ट्रक गेला. ती कानामागचं यंत्र हाताने झाकून तो जाईपर्यंत थांबली. मायक्रॉन तिच्या हाताकडे बघत राहिला. बोलायचं नसलं तर वळून बसायचं कारण नव्हतं, तरी तो तसाच बसून राहिला.

"चला आता," ती म्हणाली. "ताई दारात उभी असेल."

तेव्हापासून ती दोघं बहिणीकडे कधीच वेळेवर पोचत नाहीत. मायक्रॉनला काही सांगायचं असलं की तो आधी जागा शोधतो. पेट्रोल पंपाचं आवार, शाळेची भिंत, पुलाअलीकडची सपाटी. तिथे गाडी थांबवतो, वळून बसतो, सांगतो. कधी म्हणतो, "त्या घराला नवा रंग दिलाय बघ." ती म्हणते, "एवढ्यासाठी थांबलात? मला दिसला की मघाशीच." मागच्या रविवारी पूल ओलांडताना त्याच्या मनात काहीतरी आलं, तिला हमखास हसू येईल असं. पण पुलावर थांबता येत नाही, आणि पुढे बराच वेळ रस्त्याला थांबण्यापुरती कडच नव्हती. दोन कोसांवर एकदाची जागा मिळाली. त्याने गाडी थांबवली, तिच्याकडे वळला, आणि तोपर्यंत त्या गमतीत सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती.

"काही नाही," तो म्हणाला.

"बोला ना," ती म्हणाली. "थांबलोय तर बोला काहीतरी."